इंदूर: बेघर तरुणांचं केंद्र आणि पोलीस ठाणं यांच्यात कामाची पद्धत कशी बसवायची?

प्रश्न: सरवटे_परिसर

नमस्कार मंडळी. सरवटे बस स्टँड ते रेल्वे स्टेशन या पट्ट्यात रस्त्यावर राहणाऱ्या १४ ते २४ वयाच्या मुलांसाठी दिवसाचं केंद्र चालतं. अंघोळ, जेवण, मलमपट्टी, कागदपत्रं एवढं काम. आता त्याला जोडून १८ च्या वरच्यांसाठी ३० खाटांचा रात्रनिवारा सुरू करायचा आहे. मुलं बहुतेक पन्नी (प्लास्टिक)-भंगार वेचणारी, लग्नाच्या केटरिंगवर रोजाने जाणारी. काही निमाडातली, काही खानदेशातून आलेली.

रात्री निवारा उघडला की गस्तीशी रोजचा संबंध येणार. करार कोणाशी करावा, टीआयशी (ठाण्याचे प्रमुख) की डीसीपींशी (पोलीस उपायुक्त)? त्यात नेमकं काय लिहावं? गस्तीची गाडी रात्री मुलगा घेऊन दारात आली तर घ्यायचा का? आणि सगळ्यात मोठी काळजी ही, की पोलिसांशी सख्य झालं म्हणून मुलांना केंद्र ठाण्याची शाखा वाटू लागलं तर ती येणंच बंद करतील. ज्यांनी हे काम जवळून केलं आहे त्यांनी तपशिलात सांगावं.

उत्तर: जुनी_इंदूर_वकील

कराराला हात लावण्याआधी वयाची रेघ ओढा. १८ च्या खालचा आणि वरचा यांना कायदा पूर्ण वेगळा आहे, आणि संस्था-पोलीस वाद बहुतेक वेळा दोघांना एकाच रांगेत उभं केल्यामुळे होतात.

१८ च्या खालचं, घर नसलेलं किंवा रस्त्यावर राहणारं मूल हे बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल. ते कोणालाही सापडलं तरी प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं. कलम ३१ प्रमाणे हे पोलीसही करू शकतात, स्वयंसेवी संस्थाही करू शकते. त्यासाठी ठाण्याच्या परवानगीची गरज नाही, पण ठाण्याला लेखी कळवून पोच घेणं शहाणपणाचं, कारण दुसऱ्या ठाण्यात त्याच मुलाच्या गुमशुदगीवर (हरवल्याच्या तक्रारीवर) अपहरणाचा गुन्हा दाखल असू शकतो. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचाच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. पोलीस त्याला 'दस्तयाब' करण्यासाठी, म्हणजे शोधून ताब्यात घेण्यासाठी, फिरत असतात आणि तो आठवडाभर तुमच्याकडे जेवतो आहे, ही परिस्थिती संस्थेला फार महागात पडते. विलग झालेल्या मुलाची खबर २४ तासांत न देणं हा कलम ३३-३४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, १० हजार दंड, किंवा दोन्ही.

समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही मूल सादर करता येतं. सदस्यांचे चालू नंबर निवाऱ्याच्या भिंतीवर हवेत. तुमचा निवारा बाल संस्था म्हणून नोंदलेला नसेल तर १५-१६ वर्षांचा मुलगा तिथे वस्तीला ठेवू नका. नोंदणीशिवाय बाल संस्था चालवण्याला वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख दंड, किंवा दोन्ही आहे. गस्तवाल्यांना हा फरक माहीत नसतो. त्यांच्या लेखी रैन बसेरा (रात्रनिवारा) तो रैन बसेरा. म्हणून ही ओळ करारात सगळ्यात वर टाका.

वयाबद्दल शंका आली तर मूल समजूनच पुढे जा. वय ठरवण्याचं काम समितीचं. आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत दोनेक वर्षांचं अंतर सहज पडतं. घरी पाठवतील या भीतीने मुलं १९ सांगतात. कागद कमी व्हावे म्हणून ठाण्यातही कधी १९ लिहिलं जातं. दोन्हीकडची सोय एकच आकडा काढते, आणि १६ वर्षांचा पोरगा मोठ्यांच्या कोठडीत जातो. बाल न्याय कायद्यात मुलाला लॉकअपमध्ये ठेवायला कुठलीच सूट नाही.

आणखी एक चूक नेहमीची आहे. पोलीस वडिलांना फोन लावतात आणि ठाण्यातूनच मुलगा हवाली करतात. हेतू चांगला असतो. पण घरच्या मारामुळे पळालेला मुलगा तिथेच परत जातो आणि पुढच्या वेळी मुंबईची गाडी धरतो. घरी पाठवायचं की नाही हे समितीने सामाजिक चौकशी अहवाल पाहून ठरवायचं असतं.

आता १८ च्या वरचे. फुटपाथवर झोपणं हा दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत नव्हे. नव्या संहितेचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७०, म्हणजे जुनं १५१, गुन्हा टाळण्यासाठीच्या अटकेचं आहे; ते तसा बेत कळला असेल आणि दुसऱ्या मार्गाने तो थांबवता येत नसेल तेव्हाच लागतं. इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून आयुक्त प्रणाली आहे, त्यामुळे प्रतिबंधक कारवाई एसीपींच्या (सहायक पोलीस आयुक्त) न्यायालयापुढे जाते. तहसिलीत धावपळ करू नका. तिथे खरी अडचण पत्त्याची असते. ज्याला पत्ता नाही, जामीनदार नाही, तो किरकोळ बाबतीतही बंधपत्राअभावी जेलमध्ये जातो. केंद्राने लेटरहेडवर 'सदर इसम अमुक तारखेपासून येथे राहतो, बोलावल्यावर हजर करू' एवढं लिहून दिलं तर जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्या हमीवर) सुटण्याची शक्यता बरीच वाढते. पण 'हजर करू' हे पाळता येणार असेल तरच लिहा. एक पत्र खोटं ठरलं की पुढच्या पत्रांना किंमत उरत नाही.

त्याच संहितेच्या कलम ४८ प्रमाणे अटक झालेल्याने ज्याचं नाव सांगितलं त्याला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. घर तुटलेला मुलगा तिथे केंद्राच्या प्रभारीचं नाव सांगू शकतो. हे मुलांना शिकवा आणि ठाण्यालाही सांगून ठेवा. कोठडीतल्या प्रत्येकाला विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

उत्तर: गस्त_आणि_रोजनामचा

वकीलसाहेबांनी कायदा मांडला. मी ठाण्याच्या बाजूने बोलतो.

सही डीसीपींची घ्या, काम टीआयशी करा आणि पद्धत मात्र एचसीएम (ठाण्याच्या नोंदी ठेवणारा हेड कॉन्स्टेबल) आणि रात्रीच्या ड्यूटी ऑफिसरबरोबर बसवा. टीआय बदलतात, कधी वर्षाच्या आत. करार एका अधिकाऱ्याच्या सद्भावनेवर उभा असेल तर बदलीच्या दिवशी संपतो. म्हणून करारात नाव घालू नका, पद घाला: 'बाल कल्याण पोलीस अधिकारी', 'रात्र ड्यूटी अधिकारी', 'निवारा रात्र प्रभारी'. प्रत्येक ठाण्यात किमान एएसआय दर्जाचा बाल कल्याण पोलीस अधिकारी असायलाच हवा, आणि शहर पातळीवर विशेष किशोर पोलीस युनिट. त्या युनिटमध्ये दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांतली एक महिला. त्या दोघांना पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्या. दोन्ही बाजूंची भाषा त्यांना कळते.

तुमच्या पट्ट्यात एकच ठाणं धरून चालू नका. सरवटे छोटी ग्वालटोलीत, एमवाय रुग्णालय संयोगितागंजात, गंगवाल स्टँड छत्रीपुऱ्यात. मुलं एका रात्रीत तिन्हीकडे फिरतात. म्हणून करार झोन पातळीवर हवा आणि प्रती सगळ्या संबंधित ठाण्यांत हव्यात.

गस्तवाल्याची अडचण समजून घ्या. रात्री दीड वाजता हवालदाराला पुलाखाली नशेतला २० वर्षांचा पोरगा दिसतो. त्याच्यापुढे तीन वाटा आहेत: हाकलून देणं, ठाण्यात नेऊन १७० लावणं, किंवा तुमच्याकडे आणणं. तुमच्या दारात अर्धा तास लागणार असेल, कोणी फोन उचलत नसेल, किंवा 'प्रभारी सकाळी येतील' असं ऐकावं लागणार असेल, तर तो पुन्हा कधी येणार नाही. दहा मिनिटांत गाडी मोकळी झाली पाहिजे. सहकार्याचं सगळं गणित या दहा मिनिटांवर आहे. परिसंवाद आणि सत्कार याची जागा घेऊ शकत नाहीत.

त्यासाठी ३० पैकी ३-४ खाटा पोलिसांनी आणलेल्यांसाठी रात्री २ पर्यंत राखून ठेवा. एकच मोबाइल नंबर, आणि तो हँडसेट टेबलावर. कोणाच्या खिशात गेला की त्या माणसाच्या सुट्टीबरोबर नंबरही सुट्टीवर जातो. रोज रात्री ९ वाजता निवाऱ्याने स्वतःहून ठाण्याला फोन करून 'आज चार खाटा मोकळ्या' असं सांगायचं. पंधरा दिवस न चुकता केलं की ड्यूटी ऑफिसर स्वतः विचारू लागतो.

हवाली-पावती एक पानाची, कार्बन लावून दोन प्रती. त्यात वेळ, ठिकाण, आणणाऱ्याचं नाव आणि बक्कल नंबर, मुलाने सांगितलेलं वय आणि दिसणारं वय, शुद्धीत आहे का, अंगावर जखमा आहेत का आणि कुठे, जवळच्या वस्तू आणि रोख, रोजनामच्याचा (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीचा) क्रमांक, दोघांच्या सह्या. जखमांचा रकाना सही करण्याआधी ट्यूबलाइटखाली बघून भरा. यात अविश्वास काही नाही. सकाळी कोणी म्हणालं की मार ठाण्यात बसला, किंवा निवाऱ्यात बसला, तर त्या रकान्याने दोघांचाही बचाव होतो. आणलेल्याची मर्जीही विचारा. सज्ञान माणसाला निवाऱ्यात कोंडता येत नाही. तो सकाळी नव्हे, रात्री तीनलाही उठून जाऊ शकतो. हे पोलिसांना आधी सांगितलेलं नसेल तर 'आम्ही दिला आणि तुम्ही सोडला' असा वाद ठरलेला.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर दिवसभराची कार्यशाळा ठेवू नका. तिथे जो मोकळा असतो त्याला पाठवतात, रात्रीचा स्टाफ झोपलेला असतो. संध्याकाळच्या रोलकॉलला २० मिनिटं मागा, दर दोन महिन्यांनी. खिशात मावणारं कार्ड द्या: निवाऱ्याचा नंबर, १०९८ (मुलांची हेल्पलाइन), समितीचा नंबर, आणि '१८ च्या खाली असेल तर निवाऱ्यात नाही' ही ओळ ठळक.

उत्तर: एमवाय_कॅज्युअल्टी

नशेतल्या मुलाबद्दल दोन गोष्टी कार्डावर अवश्य घाला.

सोल्यूशन (चिकटवण्याचा गोंद) किंवा थिनर नुकतंच ओढलेल्या मुलाच्या मागे धावू नये, ओरडून दचकवू नये. त्या रसायनांनी हृदय फार नाजूक अवस्थेत जातं आणि एकदम भीती किंवा धावपळ झाली तर ठोके बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो. शांतपणे जवळ जायचं, चिंधी हळूच काढून घ्यायची, मोकळ्या हवेत बसवायचं. आगपेटी, बिडी दूर.

दुसरं, निवाऱ्याने कोणाला घेऊ नये हे आधी ठरवा: हाक मारून जागा होत नाही, डोक्याला मार, फिट येऊन गेलेली, श्वास घरघरणारा, पुन्हा पुन्हा उलटी. हा माणूस आधी एमवायला, मेडिको-लीगल नोंद, मग निवारा. कुशीवर झोपवून न्या, पाठीवर नाही. 'झोपेल, सकाळी बरा होईल' म्हणून खाटेवर टाकलेला माणूस रात्रीत गेला तर निवाराही बंद पडतो आणि पोलीसही चौकशीत अडकतात.

जो नशेत नाही पण भान हरपून भटकतो आहे, त्याच्यासाठी मानसिक आरोग्य अधिनियम २०१७ चं कलम १०० आहे. पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. इथे बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय आहे. त्याला निवाऱ्याच्या दारात सोडणं हे या कलमाचं पालन नव्हे, हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

उत्तर: स्टेशन_रोड

रेल्वेचं वेगळं धरा. फलाटावर आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) केंद्राची, जीआरपी (रेल्वे पोलीस) राज्याची, आणि गेटाबाहेर पाऊल टाकलं की शहराचं ठाणं. रुळांमधून बाटल्या वेचणाऱ्यावर रेल्वे अधिनियमाचं कलम १४७ लागतं, डब्यात विकणाऱ्यावर १४४. ही प्रकरणं रेल्वे न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातात, एसीपींकडे नाही. शहर पोलिसांशी केलेला करार इथे कोणी वाचणार नाही. आरपीएफ निरीक्षक आणि जीआरपी ठाणेदार यांना वेगवेगळी पत्रं द्या आणि फलाटावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची ओळखपत्रं स्टेशन अधीक्षकांकडूनही मान्य करून घ्या.

सरवटे_परिसर

फार उपयोगाचं, सगळ्यांचे आभार. अजून तीन गोष्टी अडतात. ठाण्याकडून निवाऱ्यात राहणाऱ्यांची रोजची यादी मागितली जाईल, ती द्यायची का? पोलीस एखाद्याला शोधत आले तर दारात काय करायचं? आणि मुलगा विश्वासाने काही सांगतो, ते कुठपर्यंत गुप्त ठेवता येतं?

उत्तर: जुनी_इंदूर_वकील

दाराचं आधी. ज्याला अटक करायची आहे तो आत आहे असं मानायला कारण असेल तर पोलिसांना आत येऊ द्यावंच लागतं. अडवलं तर तुमच्यावरच गुन्हा होईल. पण कसं यायचं, हे करारात ठरवता येतं. आधी रात्र प्रभारीला कळवायचं, वॉरंट किंवा कारण दाखवायचं, शक्य असेल तर त्या माणसाला ऑफिसात बोलावून घ्यायचं, झोपण्याच्या हॉलमध्ये सगळ्यांना उठवून टॉर्च मारायची नाही. झडती घेतली तर नव्या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे तिचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण झालं पाहिजे. आणीबाणी, म्हणजे आत मारामारी किंवा आग, याला अपवाद लिहा.

रोजची यादी सरसकट देऊ नका. शहरात वेळोवेळी त्याच संहितेच्या कलम १६३ खाली भाडेकरू आणि हॉस्टेलमधल्यांची माहिती ठाण्याला देण्याचे आदेश निघतात. आदेश समोर ठेवून वाचा, निवारा त्यात येतो का ते डीसीपी कार्यालयाकडून लेखी घ्या. येत असेल तर आदेशात मागितलेले रकाने द्या, त्यापलीकडे काही नाही. एखाद्या प्रकरणात नोंदवही हवी असेल तर ठाणा प्रभारी कलम ९४ खाली लेखी मागू शकतात. ते पत्र फाइलला लावून तेवढंच पान द्यायचं. तोंडी विचारणा, व्हॉट्सॲपवर फोटो टाकून 'हा आहे का?' असं विचारणं, याला उत्तर एकच: लेखी पाठवा, तासाभरात उत्तर मिळेल. आणि खरंच तासाभरात द्या.

उत्तर: निवारा_नोंदवही

गुप्ततेबद्दल. मुलाला पहिल्याच दिवशी, जेवणाच्या आधी, साध्या हिंदीत सांगा की काय आमच्यापाशी राहील आणि काय आम्हाला कळवावंच लागेल. १८ च्या खालच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना सांगावंच लागतं. न सांगणाऱ्याला शिक्षा आहे. मुलाने सगळं सांगितल्यावर 'आता मला ठाण्यात जावं लागेल' म्हणालात तर तो विश्वास परत येत नाही. जबाब पोलिसांनी गणवेशात घ्यायचा नसतो, मुलाला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, आणि कुठल्याही मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे तपास अधिकाऱ्याला आठवण करून देणारा माणूस बरोबर पाठवा.

मुलांच्या नजरेत केंद्र ठाण्याची शाखा होतं ते बहुधा मोठ्या घटनेने नाही, लहान सवयींनी होतं. बीटचा हवालदार रोज चहाला केंद्रात बसतो. कार्यकर्ता मुलांसमोर त्याच्याशी हसून कानात बोलतो. चोरीचा मोबाइल कोणी विकला असं तो सहज विचारतो आणि कार्यकर्ता सहज सांगतो. दोन दिवसांत सगळ्या पट्ट्यात बातमी जाते आणि आठवड्यात मुलं गंगवालकडे सरकतात. करारात एक वाक्य अगदी उघड लिहा: 'केंद्र आणि त्याचे कर्मचारी खबरी म्हणून वापरले जाणार नाहीत.' ते वाक्य हिंदीत मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा, डीसीपींच्या सहीसकट. भेटी ठाण्यात ठेवा, केंद्रात नाही. पोलीस केंद्रात यायचे तर साध्या कपड्यात, मुलांना आधी कळवून, आणि क्रिकेट किंवा लायसन्सची माहिती असल्या कामासाठी.

फोटो हा दुसरा खड्डा. 'रेस्क्यू' झालेल्या मुलांचा ठाण्यासमोरचा फोटो प्रेस नोटबरोबर जातो. अल्पवयीन मुलाची ओळख उघड करणं हे बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ चं उल्लंघन आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोंडाला रुमाल बांधून उभं केलं तरी कपडे, ठिकाण आणि नाव मिळून ओळख पटतेच. संयुक्त कामाची बातमी द्यायची तर अधिकाऱ्यांचे फोटो द्या, मुलांचा एकही नको.

कागदपत्रांचं काम मात्र दोघांना जोडतं. पत्ता नसलेल्याला मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाने यूआयडीएआयच्या (आधार देणारं प्राधिकरण) ठरलेल्या नमुन्यात दिलेल्या प्रमाणपत्रावर आधार मिळू शकतं. आधार असलं की समग्र आयडीचा (मध्य प्रदेशातल्या सरकारी योजनांसाठीचा ओळख क्रमांक) मार्ग खुला होतो. ओळखपत्र दाखवू शकणारा तरुण रात्री गस्तीत पाच मिनिटांत सुटतो. केंद्राचं स्वतःचं कार्ड काढायचं तर त्यावर 'बेघर' किंवा 'पुनर्वसित' असले शब्द नकोत. नाव, फोटो, निवाऱ्याचा फोन पुरे. भंगार वेचणाऱ्यांना रोजच्या विक्रीची चिठ्ठी कबाड्याकडून घ्यायला लावा. पोत्यात तांब्याची तार सापडली की चोरीच्या मालाचा संशय पहिला येतो, आणि तेव्हा ती चिठ्ठी कामी येते.

उत्तर: गस्त_आणि_रोजनामचा

आढावा बैठकीबद्दल राहिलं. महिन्यातून एकदा, ४० मिनिटं, ठाण्यात, एसीपी असतील तर उत्तम. फक्त महिन्याच्या पावत्या समोर ठेवा: किती आणले, किती घेतले, किती नाकारले आणि का, गाडी किती वेळ थांबली, किती अल्पवयीन चुकून निवाऱ्यात आले. एखाद्या हवालदाराची तक्रार असेल तर बैठकीत सगळ्यांदेखत मांडू नका. आदल्या दिवशी टीआयना एकट्यात, तारीख-वेळ-पावती क्रमांकासह सांगा. चांगलं काम केलेल्याचं कौतुक मात्र बैठकीतच, नावाने, आणि पत्राची प्रत डीसीपींना. सेवापुस्तकात त्याचा उपयोग होतो.

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे), रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि शहरातल्या मोठ्या परिषदा यांच्या आधी दोन आठवडे जादा बैठक घ्या. बंदोबस्त वाढला की संशयितांची धरपकड वाढते आणि रस्त्यावर झोपणारा सगळ्यात आधी नजरेत येतो. त्या दिवसांत राखीव खाटा चाराच्या आठ करा आणि तसं लेखी कळवा. गेरच्या आदल्या रात्री राजवाडा आणि सराफ्याकडून येणाऱ्या गाड्यांसाठी दारात एक माणूस जास्त ठेवा, आणि बाहेरून आलेल्या बंदोबस्ताच्या तुकड्यांना कार्डं वाटायला विसरू नका. त्यांना तुमचा निवारा माहीतच नसतो.